देवळालीचा ताप

भांडी घासायची राहिली असतील तर थोडा वेळ राहू द्या. आज बचतीचं, कर्जाचं, हप्त्याचं काही बोलणार नाही.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, एक ताई मागे थांबली. तिचा नवरा फौजेतून सुटून आलेला, पेन्शनवाला. गावात त्याला मान आहे. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळ पहिल्या रांगेत खुर्ची असते. रात्री मात्र तो झोपत नाही. पितो, अंगणात फेऱ्या मारतो, आणि मग दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाही. लग्नात फटाके वाजले तर घरात जाऊन दार लावून बसतो. एवढं सांगून तिनं मला एकच विचारलं, "ताई, याला दारू म्हणू का याड म्हणू?"

मला उत्तर आलं नाही. पण बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, आणि एखादी गोष्ट कळली नाही की ती आधी कधी, कोणाच्या घरी घडली होती ते शोधायची मला सवय आहे. शोधत गेले तर कळलं की हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या जवळपासच्याच एका जिल्ह्यातला आहे.

आपल्याकडच्या बाया चैत्रात वणीच्या गडावर पायी जातात. त्याच नाशिक जिल्ह्यात देवळाली आहे. इंग्रजांनी १८६० च्या सुमारास तिथे फौजेची छावणी वसवली. विलायतेहून गोरे शिपाई बोटीनं मुंबईला उतरायचे, ते आधी देवळालीला यायचे आणि तिथून देशभर वाटले जायचे. परत जातानाही वाट तीच. गोम अशी होती की शिपायांना नेणारी जहाजं वर्षभर नसत. साधारण हिवाळ्यात सुटत. ज्याची नोकरी उन्हाळ्यात संपली, त्यानं पुढच्या हंगामाची जहाजं सुटेपर्यंत देवळालीला पडून राहायचं. कवायत नाही, काम नाही, वर साहेबाचा धाक नाही. घर डोळ्यांसमोर, पण जाता येत नाही. मग पत्ते, जुगार, दारू. त्यात हिवताप. महिनोन्महिने असं बसून कित्येक शिपाई बिघडले. कोणी विनाकारण मारामारी करी, कोणी एकटाच बडबडे, कोणी नुसता छताकडे बघत पडे.

या आजाराला गोऱ्या शिपायांनीच नाव दिलं: 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली. आणि टॅप म्हणजे, ऐका बरं, आपला ताप! देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका शिपायानं १९३६ मध्ये आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी छापल्या, त्यात या देवळालीचं वर्णन आहे. आजही इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं म्हणायचं तर 'डूलाली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते नाशिकजवळचं गाव आहे हे ठाऊक नसतं.

मला यात विशेष वाटलं ते असं की हे शिपाई लढाईत नव्हते. लढाई संपली होती, नोकरी संपली होती. रिकामपण आलं आणि त्यात माणूस ढासळला. आपल्याकडेही जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पहाटेचं बिगुल नाही, हुकूम नाही, सोबतचे गडी कुठल्या कुठे पांगलेले. शेती भाऊ बघत असतो. घरात बायकोनं सगळं एकटीनं चालवायची घडी बसवलेली असते, आणि तिच्यात त्याला बसायला जागाच सापडत नाही. हे मी कोणाचा दोष म्हणून सांगत नाही. पण ही जी घरी येण्याची वेळ आहे ती धोक्याची आहे, हे देवळालीनं केव्हाच दाखवून दिलं होतं.

त्या काळी वेडा ठरलेल्या गोऱ्या शिपायाला इंग्लंडमध्ये नेटली नावाच्या गावी फौजेच्या मोठ्या इस्पितळात पाठवत. तिथे १८७० पासून वेड्यांसाठी वेगळी इमारतच होती. इलाज म्हणजे कोंडून ठेवणं, जास्त काही नाही.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. खंदकात बसलेल्या माणसांवर दिवसरात्र तोफगोळे पडत. अंगावर एक ओरखडा नसलेले शिपाई थरथर कापू लागले. कोणाची वाचा गेली, कोणाला दिसेना, कोणाला चालता येईना. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये या आजारावर लेख लिहिला आणि त्यात 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द छापला. शब्द असा पसरला की दोन वर्षांत फौजेनं तो वापरायलाच बंदी घातली. कारण नाव मिळालं की आजार ठरतो, आजार ठरला की सुट्टी आणि पेन्शन द्यावी लागते. साहेबांचं म्हणणं असं की हे भित्रे आहेत, ढोंग करतात. पळून गेल्याबद्दल किंवा भित्रेपणाबद्दल ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ शिपायांना त्या युद्धात त्यांच्याच फौजेनं गोळ्या घातल्या. त्यांतले किती मनानं आजारी होते हे आता कोण सांगणार? सरकारनं त्यांना माफी दिली ती २००६ मध्ये. तोवर त्यांच्या बायकाही राहिल्या नव्हत्या.

आणि आपले शिपाई? साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, अपशिंगे मिलिटरीच म्हणतात त्याला. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. मराठा पलटणी इराकात कूत नावाच्या गावी वेढ्यात अडकल्या. तिथे जी फौज होती तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि कैदेत उन्हातून चालवत नेली गेली. त्यांतले जे परत आले त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील?

ते कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या शिपायांच्या मनाची नोंद ठेवायची कोणाला गरजच वाटली नव्हती. फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांना इंग्लंडमध्ये ब्रायटन गावी ठेवलं होतं. हातावर जखमा झालेले शिपाई जास्त दिसतात, तेव्हा हे स्वतःच गोळी मारून घेत असतील, असा संशय वर बसलेल्यांना आला. कर्नल ब्रूस सीटन या डॉक्टरांनी १९१५ मध्ये तब्बल १००० जखमा तपासल्या आणि सांगितलं की या संशयाला आधार नाही. त्यांनी निदान मोजून तरी पाहिलं. घरी पाठवलेली पत्रं सरकार फोडून वाचत असे, म्हणून शिपाई खुणेनं लिहायचे. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं पत्र गावी येई आणि घरच्या बायांना काय ते कळे. मिरच्या-मिरीची ही भाषा वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं सांगते आहे ते डॉक्टर. त्यांचं नाव रिव्हर्स. गंमत म्हणजे हे गृहस्थ आधी आदिवासींमध्ये राहिले होते. १९०१-०२ मध्ये ते निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांकडे गेले, त्यांची नाती, त्यांच्या म्हशी, त्यांचे सण हे सगळं विचारून विचारून लिहून घेतलं आणि १९०६ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. दुसऱ्याच्या अंगणात बसून, घाई न करता, त्याचं ऐकायची सवय या माणसाला तिथे लागली असावी, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण सातपुड्यात घरोघर फिरून मलाही तीच सवय लागली, म्हणून म्हणते.

युद्धात रिव्हर्स स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट या इस्पितळात शेल शॉक झालेल्या अधिकाऱ्यांवर इलाज करत. त्याच काळात लंडनमध्ये यिअलँड नावाचे डॉक्टर मुक्या झालेल्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देऊन बोलायला लावत. रिव्हर्स समोर बसून बोलत. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी सगळ्यांनी एकच सांगितलेलं असे: झालं ते विसर, मनात आणू नको. रिव्हर्सनी १९१७ च्या शेवटी डॉक्टरांसमोर भाषण करून सांगितलं की हा सल्लाच माणसाला आजारी ठेवतो. दिवसभर जोर लावून जे दाबलं ते रात्री स्वप्नात येतं. थोडं थोडं बोलू द्या, ऐकणारा कोणी असू द्या, मग त्या आठवणीची धार कमी होते. आपण माहेरी आईजवळ बसून जे करतो तेच हे. पण डॉक्टरनं ते इलाज म्हणून सांगावं लागलं. गोष्ट इथे गोड होत नाही, हेही सांगते. रिव्हर्सचं काम बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा लढाईवर पाठवण्याचं होतं. त्यांनी बरे केलेल्यांतले कित्येक परत खंदकात गेले.

युद्ध संपल्यावर हे शहाणपण बरंचसं विसरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच सुरू झालं. आपल्या अहमदनगरला १९१८ मध्ये जन्मलेला एक मुलगा, वडील ब्रिटिश फौजेत, नाव स्पाइक मिलिगन. तो १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला आणि मनानं कोसळला. पुढे तो इंग्लंडचा मोठा विनोदी नट झाला. सगळ्या देशाला हसवणारा हा माणूस आयुष्यभर उदासीनं अंथरुणाला खिळायचा, आणि ते त्यानं लपवलं नाही. १९९३ मध्ये आपल्या उदासीवर त्यानं एका मानसोपचार डॉक्टरांबरोबर पुस्तकच लिहिलं. व्हिएतनामच्या लढाईहून परतलेल्या अमेरिकन शिपायांनी ओरड केली तेव्हा कुठे १९८० मध्ये डॉक्टरांच्या अधिकृत पुस्तकात हा आजार पीटीएसडी या नावानं लागला. म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला राहिलेली जखम. देवळालीपासून मोजलं तर या जखमेला नाव मिळायला शंभरावर वर्षं लागली.

आपल्या फौजेत आता मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पुण्याला १९४८ मध्ये सुरू झालेलं फौजेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, एएफएमसी, तिथे असे डॉक्टर तयार होतात. फौजेच्या कागदांवर 'शेप' असा शब्द असतो, तुमच्यातल्या काहींनी नवऱ्याच्या कागदात पाहिला असेल. त्या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं म्हणजे तब्येतीचे पाच भाग. कान, हातपाय, शरीर, डोळे हे नंतर येतात, आणि पहिलं अक्षर आहे ते मनाचं. हे मला फार आवडलं. पण त्या पहिल्या अक्षरापुढे शेरा पडला की बढती अडते, हत्यार हातात मिळत नाही, सोबतचे वेगळं बघतात. म्हणून जवान सांगत नाही. झोप येत नाही हे सांगण्यापेक्षा दोन पेग घेऊन झोपणं सोपं. ब्रिटिश काळापासून फौजेत रम मिळतेच. नोकरी सुटल्यावरही कँटीनच्या कार्डावर महिन्याच्या बाटल्या स्वस्तात मिळतात. देशासाठी राबलेल्याला दिलेली ती सवलत आहे, त्यात वाईट हेतू नाही. पण ज्याचं मन जखमी आहे त्याच्या घरात ती बाटली कशी येते, ते त्याच्या बायकोला विचारा.

तर दारू का याड? एका मानसोपचार डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, अशा रुग्णाला दोन्ही असू शकतं आणि ते एकमेकांना धरून असतं. आठवणी आणि उदासी विसरायला तो पितो. दारूनं तेवढ्यापुरती झोप लागते, पण ती कच्ची झोप असते, आणि दारू स्वतःच उदासी वाढवते. मग आणखी पितो. नुसती दारू सोडवली तर खालची उदासी उघडी पडते, नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या तर दारू त्यांना काम करू देत नाही. म्हणून दोन्हींचा इलाज सोबत करावा लागतो.

त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पहिली अशी की जो वर्षानुवर्षं रोज पितो, त्याला देवाची शपथ घालून एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसतात, झटके येतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढावे लागतात. आपल्याकडे अशा वेळी बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेतात. राग धरू नका, पण आधी दवाखाना. दुसरी गोष्ट, चहात-भाजीत लपवून घालायची पावडर. बाजारात कोणीतरी ती विकतच असतो. दारूनंतर माणसाला ओकारी, धडधड आणणारं एक खरं औषध आहे. रबराच्या धंद्यात वापरायच्या रसायनावरून त्याचा शोध लागला आणि १९४८ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ते दारूवर पुढे आणलं. पण ते रुग्णाला सांगून, तपासूनच द्यायचं असतं. नकळत दिलं आणि तो वर दारू प्यायला तर हृदय बंद पडण्यापर्यंत पाळी येते. ती पुडी काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता बायकांचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या तोफखान्यात बिल विल्सन नावाचा अधिकारी होता. फौजेत असतानाच त्यानं पहिला प्याला घेतला आणि नंतर दारूनं त्याचं सगळं गेलं. उदासीही होती. १९३५ मध्ये त्याला दारूत बुडालेले एक डॉक्टर भेटले. दोघे एकमेकांशी बोलून सावरले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, निघालं. आज आपल्या शहरांतही त्याच्या सभा भरतात. पुरुष आत सभेत बसायचे तेव्हा त्यांच्या बायका स्वयंपाकघरात, बाहेर गाडीत वाट बघत बसायच्या. बसल्या बसल्या बोलायला लागल्या. बिलची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये त्यातूनच बायकांचे, घरच्यांचे वेगळे गट उभे केले, अल-अनॉन नावाचे. त्या गटात नवऱ्याची दारू कशी सोडवायची याची चर्चा मुख्य नसते. माझी झोप, माझी मुलं, माझा संताप यांचं काय, हे बोललं जातं. स्वयंपाकघरातून निघालेला गट! आपला पहिला गटसुद्धा एका पडवीतच बसला होता.

आपल्या महाराष्ट्रात हे काम डॉ. अनिता अवचट यांनी केलं. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. १९८० नंतर पुण्यात पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या नादी लागली. अनिताताईंचे पती, लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात मुक्तांगण सुरू झालं. व्यसनी माणसाला तिथे कोंडून, मारून सुधारायचं नाही असं ठरलं होतं. व्यसन सोडलेल्या माणसांनाच तिथे कामाला घेतलं, म्हणजे नव्यानं आलेल्याला समोर आपल्यासारखाच कोणी दिसे. आणि बायकांसाठी सहचरी गट. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं, पिणाऱ्या बायकांसाठीही निशिगंध नावाचा वेगळा विभाग काढला.

आणि आपल्या तळोद्याला दारू सोडणं हे पुण्याकडून शिकायचं नव्हतं. १९३० नंतरच्या त्या वर्षांत इथे मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमत, एकमेकांना आदरानं 'आप' म्हणत, आणि दारू सोडून घरी जात. महाराजांनंतर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते चालवलं. तुमच्यातल्या कित्येकींच्या आजी-आजोबांनी तिथेच दारू सोडली आहे. एकट्यानं सोडली तर टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता कामाचं. महाराष्ट्रात सरकारी मोठी मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्याहून सगळी लांब. पण पहिल्या तपासणीला तिथे जावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारासाठी कुठल्या वारी बसतात ते विचारा. माजी सैनिकासाठी २००३ पासून ईसीएचएसची सोय आहे, कार्ड असेल तर त्यावर मनाचा इलाजही होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फौजेतल्यांसाठी याचीच एक खास शाखा डिसेंबर २०२३ पासून पुण्याला एएफएमसीत आहे. तो जीव द्यायचं बोलत असेल तर ते दारूच्या तोंडचं समजून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी फोन करा, दवाखान्यात न्या.

त्या ताईला मी हे सगळं तिच्याच ओट्यावर बसून सांगितलं. देवळालीचं सांगत होते तेव्हा नवरा आत खाटेवर होता. मला वाटलं झोपलाय. मधेच आतून आवाज आला, "देवळालीला मी होतो. तोफखान्यात." ताई म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

त्यापुढे तो काही बोलला नाही. पण कार्ड पेटीतून त्यानंच काढून दिलं. गुरुवारी दोघं दवाखान्यात जाणार आहेत. त्या दिवशी तिच्या शेळ्या कोणी चारायच्या आणि मुलीला शाळेतून कोणी आणायचं, हे गटात ठरलं आहे.